जाहिरातीला पान असतं

२०२१ ची खंडेनवमी गुरुवारी होती, १४ ऑक्टोबरला. आठवडाभर आधी, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली देवळं करोनानंतर पुन्हा उघडली होती. ठाण्यातल्या टेंभी नाक्याची देवी बसली होती, पण बंधनं होती, नेहमीचा लोंढा नव्हता. एरवी नवरात्रात दुकानापर्यंत पोहोचायला मला जांभळी नाक्याकडून वळसा घालावा लागतो. त्या सकाळी मी सरळ चालत आले, शटर वर केलं, लादी पुसली आणि आमच्या घरच्या रीतीप्रमाणे हत्यारं मांडली.

आमची हत्यारं म्हणजे बाबांचं गोदरेजचं मराठी टाइपरायटर, कागद कापायचं कटर, स्पायरल बाइंडिंगचं मशीन, दोन प्रिंटर, एक झेरॉक्स आणि दोन कॉम्प्युटर. प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. पूजा झाली की त्याच हत्यारानं थोडं तरी काम करायचं, हा बाबांचा नेम. ते होते तोवर टाइपरायटरवर ‘श्री’ काढून मग दिवसाचं पहिलं काम घ्यायचे. मीही ‘श्री’ काढला आणि कॉम्प्युटरकडे वळले. ठाण्यातल्या एका हौशी साहित्य मंडळाचा दिवाळी अंक माझ्याकडे होता, ९६ पानांचा. त्यातली ७१ पानं लागून झाली होती.

पानं लावायचं सॉफ्टवेअर उघडलंच नाही. मध्यभागी एक चौकोन आला: आपली मुदत संपली आहे, पुढे जाण्यासाठी पैसे भरा.

त्या सॉफ्टवेअरचं नाव सांगण्यात अर्थ नाही. अशीच वागणारी आज डझनभर आहेत आणि मला राग आहे तो त्या वागण्याचा. दरमहा माझ्या कार्डातून पैसे आपोआप कापले जायचे. १ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेचा नवा नियम लागू झाला होता. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी ग्राहकाची नव्यानं परवानगी घ्यायची, पैसे कापण्याआधी किमान २४ तास त्याला कळवायचं, आणि रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी घ्यायचा. नियम चांगला होता. माझ्या खात्यातून पैसे जाण्याआधी मला विचारा, एवढंच त्यात होतं. पण परदेशात बसून सॉफ्टवेअर विकणाऱ्या अनेकांची ती व्यवस्था वेळेवर झाली नव्हती, आणि त्या महिन्यात देशभरात पुष्कळांचे व्यवहार अडकले. त्यात माझाही होता. बँकेचा एसएमएस सप्टेंबरात येऊन गेला होता. तो माझ्या दुकानाच्या कामाशी जोडलेला आहे हे मला उमगलं नव्हतं.

मी पैसे द्यायला तयार होते. घ्यायलाच कोणी नव्हतं. यूपीआय चालत नव्हतं, कार्ड नाकारलं जात होतं, मदतीच्या चॅटवर एक यंत्र मला तीच तीन उत्तरं फिरवून देत होतं. दसरा गेला, शनिवार-रविवार गेला. डोंबिवलीच्या भाच्यानं स्वतःचं दुसरं कार्ड घालून सोमवारी दुपारी ते चालू करून दिलं, तोवर छापखान्यात आम्ही घेतलेली तारीख दुसऱ्याला गेली होती. वसुबारसेला हातात यायचा अंक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला.

दिवाळी अंक उशिरा आला तर कथा-कविता शिळ्या होत नाहीत. जाहिराती होतात. त्या अंकात बावीस जाहिराती होत्या: मिठाईवाला, साडीचं दुकान, दोन सराफ, एक पतपेढी, रांगोळी-उटण्याचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एक ताई. ‘धनत्रयोदशीनिमित्त मजुरीत सूट’ ही ओळ धनत्रयोदशी उलटून गेल्यावर छापून आली. जाहिरातदारांचे पैसे परत करायला मंडळाकडे पैसे नव्हते. मी माझी मजुरी सोडली, त्यातून काहींचे भागले. उटण्यावाल्या ताई म्हणाल्या, ‘‘असू दे, पुढच्या वर्षी.’’ त्यांची पाव पानाची जाहिरात माझ्याच हातून लागली होती. त्यांच्याकडे बघवेना.

त्या चार दिवसांत मी बऱ्याचदा एकाच गोष्टीचा विचार करत बसले. ही ७१ पानं माझ्याच कॉम्प्युटरवर होती. माझ्या टेबलावर, माझ्या विजेवर, माझ्या हातांनी लावलेली. फाइलींची नावं मला दिसत होती. फक्त त्या दुसऱ्या कशातही उघडत नव्हत्या, आणि ज्यात उघडतात त्याची किल्ली माझ्याकडे नव्हती.

या प्रकाराला मराठीत आपण सरसकट वर्गणी म्हणायला लागलो आहोत. मला हा शब्द तिथे खुपतो. टेंभी नाक्यावर वाढलेल्या माणसाला वर्गणी काय असते ते सांगावं लागत नाही. आनंद दिघ्यांनी सुरू केलेला हा नवरात्रोत्सव काय, गल्लीतला गणपती काय, पावतीपुस्तक घेऊन पोरं दारात येतात, आपण ऐपतीप्रमाणे देतो, पावती घेतो. एखाद्या वर्षी नाही जमलं तर देवीचं दर्शन बंद होत नाही. मासिकाची वर्गणी घ्या. आमच्याकडे बाबा दोन मासिकांचे वर्गणीदार होते. एका वर्षी आईच्या आजारपणात वर्गणी भरायची राहिली. नवे अंक यायचे थांबले, पण आधीचे सगळे फडताळात होते, आजही आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. तिथे अनामत असते, वर्गणी असते, पुस्तक परत द्यावं लागतं हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं. पण त्या पुस्तकावरून मी वहीत काढलेली टिपणं ग्रंथपाल कधी मागून घेत नाही.

माझ्या बाबतीत जे झालं ते भाडं होतं. आणि भाडं थकल्यावर घरमालकानं खोलीला कुलूप घातलं, तेव्हा आतलं सामान माझं होतं.

बाबांनी १९७९ साली ते टाइपरायटर सेकंडहँड घेतलं. गोदरेजनं पहिलं भारतीय बनावटीचं टाइपरायटर १९५५ मध्ये केलं; आमच्याकडचं त्याच्या बरंच नंतरचं. ते घेऊन बाबा कोर्ट नाक्यावर बसायचे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, क्वचित कोणाचं प्रेमाचं भांडण मिटवणारं पत्रसुद्धा. खर्च म्हणजे रिबन, कार्बन पेपर आणि वर्षातून एकदा मेकॅनिक. पट्टी झिजली तर बदलायची. त्या यंत्रानं बाबांना कधी विचारलं नाही की तुम्ही या महिन्यात मला काय दिलं.

१९९८ मध्ये आम्ही कॉम्प्युटर घेतला आणि टेंभी नाक्याजवळ हा गाळा. मराठी अक्षरांसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी घेतली. तिच्याबरोबर एक डोंगल यायचं, ते कॉम्प्युटरच्या पाठीमागे लावलं की श्रीलिपी चालायची. रात्री दुकान बंद करताना बाबा ते काढून गल्ल्यात ठेवत. किल्ली आपल्याकडे आहे, हे त्यांना हातानं चाचपून कळायचं. बाकीची सॉफ्टवेअरं मात्र आम्ही पहिली दोन वर्षं लॅमिंग्टन रोडवरच्या चोरीच्या सीडींमधून वापरली. हे लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं लिहिताना मी स्वतःला स्वच्छ समजून लिहू शकत नाही. तेव्हा निम्म्या डीटीपीवाल्यांकडे तशाच सीडी होत्या. कंपन्यांना भाड्याची पद्धत आणावीशी वाटली त्याचं एक कारण आमच्यासारखी माणसंही आहेत. दोन वर्षांनी बाबांनीच ते थांबवलं. ‘‘लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करतो आपण, खरं बोलेन म्हणून. आणि कशावर टाइप करतो?’’ म्हणाले. भिशीचे पैसे घालून आम्ही खोकी विकत घेतली, छापील पुस्तकासह.

ती खोकी खूप चालली. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची. त्यानंतर नवी आली नाही, तरी मराठी डीटीपीवाल्यांनी त्यावर पुढची कितीतरी वर्षं काढली, पुस्तकंच्या पुस्तकं काढली. कंपनीनं लक्ष काढून घेतलं म्हणून विकत घेतलेली वस्तू मरत नव्हती. मग मे २०१३ मध्ये पेजमेकरवाल्या ॲडोबीनं जाहीर केलं की सीएस६ नंतर विकत मिळणारी नवी आवृत्ती येणार नाही, यापुढे सगळं क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये, महिन्याच्या किंवा वर्षाच्या हप्त्यानं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टनं घरगुती ग्राहकांसाठी ऑफिस वार्षिक हप्त्यावर द्यायला सुरुवात केली होती. विकतचं ऑफिस त्यांनी बंद केलं नाही, ते आजही मिळतं. बघता बघता बाकीच्यांनीही हीच वाट धरली. फोटो नीट करायचं, पीडीएफ जोडायचं, व्हायरस रोखायचं, सगळ्याला हप्ता. एकदम मोठी रक्कम मोजण्यापेक्षा महिन्याचे थोडे पैसे मला सुरुवातीला सोपेच वाटले होते. नवीन सोयी आपोआप यायच्या. ज्या स्टुडिओंत वीस माणसं कामाला आहेत त्यांना हे परवडतं आणि सोयीचंही आहे. मला त्याचं वजन कळलं ते सगळे हप्ते एका वहीत खाली खाली लिहिल्यावर. पावसाळ्यात, कोर्टाच्या सुट्टीत, काम नसतं. भाडं असतंच.

जाहिरातींविषयी मला जे म्हणायचं आहे ते मी जाहिराती लावणारी बाई म्हणून म्हणते. मराठी दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून सांगतात, आणि जाहिरातींवाचून ती इतकी वर्षं टिकलीच नसती. गेली वीसेक वर्षं दर पावसाळ्यात माझ्या टेबलावर दरपत्रक येतं: मलपृष्ठ इतकं, दुसरं-तिसरं कव्हर इतकं, पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान, शुभेच्छा पट्टी. मी त्या चौकटी आखते. लावताना एक गोष्ट बाबांनी शिकवली ती अजून पाळते. कविता एका पानावर संपत असेल तर तिच्या खाली जाहिरात घालायची नाही. कवी गेलेल्या आईवर लिहितो आणि खाली प्रेशर कुकर, असं होता कामा नये. आणि मजकुरासारखी दिसणारी जाहिरात असेल तर वर ‘जाहिरात’ हा शब्द टाकायचा, मग जाहिरातदार कितीही कुरकुरो. जाहिरातीला पान असतं, माप असतं, दर असतो. वाचणाऱ्याला ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते दिसतं. नको असेल तर तो पान उलटतो.

हे सगळं मला जुलै २०२४ मध्ये पुन्हा आठवावं लागलं.

माझ्याकडे दोन मॉनिटर आहेत. एक माझ्यासमोर, दुसरा गिऱ्हाइकाकडे तोंड करून. नाव, आडनाव, वेलांट्या तिथल्या तिथे तपासून घेता याव्यात म्हणून. या नाक्यावर कोण कोण येतं! चालत पाच मिनिटांच्या आत देवीचा मंडप, अग्यारी, चर्च आणि बेने इस्रायलींचं १८७९ मध्ये बांधलेलं सिनेगॉग. त्या त्या घरांतल्या लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, मृत्यूनंतरचे अर्ज, घटस्फोटाचे कागद माझ्या पडद्यावरून गेले आहेत. माणूस आपल्या घरातली आतली गोष्ट सांगत बाकड्यावर बसलेला असतो आणि ती समोर अक्षर होऊन उमटताना बघत असतो. त्या मॉनिटरला मी बाबांच्या टाइपरायटरवरच्या कागदासारखंच मानत आले.

चरईतल्या एक आजी आल्या. निवृत्त शिक्षिका, अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. यजमान जाऊन महिना झाला होता. सोसायटीच्या भागदाखल्यावर आता स्वतःचं नाव लावायचं, त्यासाठी सेक्रेटरीला अर्ज. त्यांनी वहीच्या कागदावर मजकूर स्वतः लिहून आणला होता, एकही चूक नव्हती त्यात. मी टाइप केला. त्या मॉनिटरजवळ खुर्ची ओढून, चष्मा पुसून, मोठ्यानं वाचू लागल्या. वर्गात धडा वाचावा तसं, प्रत्येक शब्द सुटा.

‘‘...माझे पती दिनांक अमुक रोजी दीर्घ आजाराने निवर्तले. सदर सदनिकेचे ते सभासद होते. आपली साठवण जागा संपत आली आहे. दरमहा फक्त दोनशे नव्व्याण्णव रुपयांत...’’

उजव्या कोपऱ्यातून एक पट्टी सरकत आली होती, बरोबर अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदावर. मराठीतच होती, पाट्या मराठीत दिसाव्यात म्हणून मीच कौतुकानं ती भाषा निवडली होती. आजी त्याच आवाजात, त्याच लयीत पुढे वाचत गेल्या आणि थांबल्या. पिशवीतून पाकीट काढलं. शंभराच्या तीन नोटा काढून माझ्या टेबलावर ठेवल्या.

‘‘अगं, हे महिन्याच्या महिन्याला भरायचेत का? त्यांच्या नावावर होतं तेव्हा नव्हते असे काही.’’

माझ्या दुकानात रोज माणसं वेगवेगळ्या सरकारी पोर्टलची फी भरतात. पडद्यावर रक्कम दिसली की ती भरायची असते, हे त्यांना अनुभवानं माहीत आहे. त्यात आजींची काही चूक नव्हती. मी नोटा परत त्यांच्या हातात दिल्या, म्हटलं, ‘‘आजी, ही जाहिरात आहे. तुमच्या अर्जाशी हिचा काही संबंध नाही.’’ त्यांना पटेना. ‘‘पण तुझ्याच मशीनमध्ये आहे ना?’’

यावर मला उत्तर देता आलं नाही. माझ्याच मशीनमध्ये होती. मी पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या मशीनमध्ये. कोणत्याही वेबसाइटवर मी गेले नव्हते, काही फुकटचं उतरवून घेतलं नव्हतं. मशीनबरोबर आलेली एक सोय स्वतःची जाहिरात माझ्या गिऱ्हाइकाच्या कागदावर टाकत होती, आणि तिच्यावर ‘जाहिरात’ हा शब्द कुठेही नव्हता.

त्या रात्री दुकान बंद करून मी बटणं शोधत बसले. सूचना बंद करायचं एक बटण एका ठिकाणी, मेनूमधल्या शिफारशींचं दुसरीकडे, कुलपाच्या पडद्यावरच्या ‘टिप्स’चं तिसरीकडे, जाहिरातींसाठी दिलेल्या ओळख-क्रमांकाचं गोपनीयतेच्या पानात, साठवणुकीच्या सोयीचं तिच्या स्वतःच्या आत. नऊ ठिकाणं मी वहीत लिहून काढली. ऑगस्टमध्ये एक मोठं अपडेट झालं आणि त्यातली दोन पुन्हा चालू झालेली सापडली.

माझ्या एकटीचीच ही तक्रार नव्हती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूत शिफारशींच्या जागी ॲपच्या जाहिराती दिसू लागल्याची चर्चा जगभर झाली. बंद करण्याचं बटण सेटिंग्जमध्ये होतं. ‘फुकट’वाल्यांनीही हे करून पाहिलं आहे. २०१२ च्या ऑक्टोबरात उबुंटू या फुकट प्रणालीनं कॉम्प्युटरमधल्या शोधाच्या खिडकीत ॲमेझॉनवरच्या वस्तू दाखवायला सुरुवात केली. आपली फाइल शोधायला जावं तर खाली विक्रीचा माल. लोक चिडले, मुक्त सॉफ्टवेअरचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ हेरगिरी म्हटलं, आणि २०१६ च्या आवृत्तीत तो शोध मुळातच बंद ठेवून देण्यात आला. ही गोष्ट मला भाच्यानं सांगितली, आणि मला तिचा आधार वाटला. म्हणजे ओरडलं तर ऐकू जातं, निदान काही ठिकाणी.

आपल्याकडेही एक कागद आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. गिऱ्हाइकाला फसवून किंवा भंडावून निर्णय घ्यायला लावणाऱ्या १३ युक्त्या त्यात नावानिशी दिल्या आहेत. हप्त्याच्या सापळ्यात अडकवणं त्यात आहे, सारखं सारखं टोचत राहणं आहे, आणि मजकुराच्या वेशात आलेली जाहिरातही आहे. मी ती यादी प्रिंट काढून काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे. बाबांनी तोंडी शिकवलेला नियम सरकारी कागदावर छापलेला बघून मला भरून आलं. एका वकील गिऱ्हाइकांनी ती वाचून विचारलं, तक्रार करणार का? तेव्हा केली नाही. दुकान एकटीचं, मुलाची परीक्षा. आणि तीनशे रुपये शेवटी कोणाचेच गेले नव्हते. पण मॉनिटर मी आत वळवला. गिऱ्हाइकांना छापील प्रत दाखवू लागले, चुका सापडल्या की कागद वाया. चार महिने असंच चाललं.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा दोन दिवस राहायला आला. पेन ड्राइव्हवर विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली आणली होती. ‘‘मावशी, पैसे एक रुपया नाही. पण आठ दिवस तुझे हात चुकतील, आणि जुन्या फाइलींचं काम तुलाच करावं लागेल. ते मी नाही करू शकत.’’ दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

हात चुकले. मी श्रीलिपीच्या कळफलकावर पंचवीस वर्षं घालवली आहेत, टाइपरायटरवरूनच उचललेला तो. त्यात पहिली वेलांटी आधी काढतात, अक्षर नंतर. कागदावर दिसतं त्या क्रमानं. युनिकोडमध्ये आधी अक्षर, मग वेलांटी. ‘कि’ लिहिताना बोटं आपोआप उलटी जायची. तोंडात ‘क’ म्हणून मग वेलांटी, असं पोरांसारखं पाठ करत इन्स्क्रिप्ट शिकले. पत्रं-अर्जांसाठी लिबरऑफिस बसलं. पानं लावायला स्क्रायबस घेतलं, त्याची १.६ ही आवृत्ती, कारण पूर्वीच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरं तुटायची. लग्नपत्रिका इंकस्केपमध्ये. फॉन्ट मुंबईच्या एक टाइपचे, ‘मुक्ता’ आणि ‘बालू’, फुकट आणि देखणे. काही फॉन्टांत मजकुराची भाषा मराठी निवडली की पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आपले आपण येतात. हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी भाच्याला पहाटे फोन केला होता.

जुन्या फाइली हे खरं डोंगर उपसणं होतं. हजारांवर फाइली. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ऱ्या’ मोडतो. शंभरांतले नव्वद शब्द नीट येतात आणि उरलेले दहा शोधण्यासाठी शंभर वाचावे लागतात. मी रोज संध्याकाळी सात ते आठ हे काम करत गेले. पुष्कळ फाइली सोडून दिल्या. पंधरा वर्षांपूर्वीचा भाडेकरार आता कोणाला हवा? पण दिवाळी अंक सगळे केले. २०२१ चा आधी केला. भाड्याच्या सॉफ्टवेअरचा शेवटचा महिना चालू असतानाच त्यातली ९६ पानं बाहेर काढून ठेवली, मग हप्ता बंद केला.

सगळंच सुटलं असं नाही. डिजिटल सहीचं टोकन आणि एक-दोन सरकारी कामांच्या सोयी मला मिंटवर चालवता आल्या नाहीत, त्यासाठी दुसरा कॉम्प्युटर जुन्याच प्रणालीवर ठेवला आहे. त्याचं तोंड भिंतीकडे. छापखाना कधी कधी त्यांच्या ओळखीचीच फाइल मागतो, तेव्हा पीडीएफ देऊन समजावत बसावं लागतं. एक रंगीत पत्रिका वाया गेली, तिचे पैसे मी भरले. आणि हे फुकट आहे म्हणून मी फुकट घेत नाही. लिबरऑफिस सांभाळणाऱ्या संस्थेला दर खंडेनवमीला थोडे पैसे पाठवते. त्यांची पावती ईमेलवर येते, ती मी प्रिंट करून पावत्यांच्या फाइलीला लावते, देवीच्या पावतीच्या मागे. ती वर्गणी आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये चरईच्या आजी पुन्हा आल्या. भागदाखल्यावर नाव चढलं होतं. आता सोसायटीच्या पुनर्विकासासाठी संमतिपत्र द्यायचं होतं, अटींसह, आणि अटी त्यांनी स्वतः लिहिल्या होत्या, आठ. मॉनिटर मी पुन्हा बाहेर वळवलेला होता. टाइप करून झाल्यावर म्हटलं, ‘‘वाचून बघा.’’

त्या लगेच पुढे झाल्या नाहीत. पाकीट मांडीवर घट्ट धरून आधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या, थोडा वेळ. मग चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि वाचायला लागल्या. पहिली अट, दुसरी अट. पाचव्या अटीत मी ‘पार्किंग’ची वेलांटी दुसरी दिली होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं. मी दुरुस्त केली. त्या पुढे वाचत गेल्या, सावकाश, सुटं सुटं, पार ‘आपली विश्वासू’पर्यंत.